बातम्या बघून जीव घाबरतो आणि इथलं काहीच आपलं वाटत नाही, काय करू?

पत्र : ताई, मी मूळची बार्शीची. लग्न होऊन स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात आले, नवऱ्याला येत्या उन्हाळ्यात इथं पाच वर्षं पूर्ण होतील. मुलगा चार वर्षांचा, किटात म्हणजे इथल्या बालवाडीत जातो. मी सकाळी उठल्यापासून यूट्यूबवर मराठी न्यूज चॅनल लावते ते रात्री झोपेपर्यंत. सप्टेंबरमध्ये पूर आला, परांड्याजवळ मामाची जमीन वाहून गेली, चॅनलवर ते पाण्यातले गोठे आणि ती मेलेली जनावरं बघून तेव्हापासून फोन हातातून सुटतच नाही, आणि इथं कुणाला ह्यातलं काही माहीतसुद्धा नाही. गेल्या महिन्यात शेजारच्या आजींनी जिना झाडला नाही म्हणून लेटरबॉक्समध्ये चिठ्ठी टाकली (फोटो जोडलाय), मी दिवसभर रडत होते. ग्रुपवर रोज येतंय की जर्मनी आता बाहेरच्यांना हाकलणार, नागरिकत्व देणं बंद केलं. मुलगा मराठीत विचारलं तरी जर्मनमध्ये उत्तर देतो. नवरा म्हणतो बातम्या बंद कर, सगळं ठीक होईल. आई म्हणते परत या. मे मध्ये आईला बोलवायचं होतं पण अशा वातावरणात बोलवू की नको तेही कळत नाही. बातम्या खरंच बंद करू का? – एक वाचक

उत्तर : अगं, बातम्या बंद करू नकोस. नवरा काळजीनं सांगतोय हे कळतं मला, पण जिच्या मामाची जमीन सीना नदीच्या पाण्यानं खरवडून नेलीय तिला "बघू नको" म्हणून काय होणार, तू फोन बाजूला ठेवशील आणि डोक्यात तेच चालू राहील.

पण तुझं पत्र मी परत परत वाचलं आणि एक गोष्ट खटकली, ती आधी सांगते. चॅनलवर काय दाखवलं ते तू लिहिलंयस, गोठे, जनावरं, पाणी. मामा काय म्हणाले ते एका शब्दानं नाहीये. मामांशी बोलणं झालं का गं? नसेल झालं तर आज कर, त्यांची जेवणं व्हायच्या आधी, म्हणजे आपल्या जर्मनीतल्या दुपारी तीनच्या सुमारास, हिवाळ्यात इथली घड्याळं मागे जातात म्हणून साडेचार तासांचा फरक असतो. आणि नुसतं "कसे आहात" नको विचारू, ते "बरंय" म्हणतील आणि फोन संपेल. पंचनामा झाला का विचार, त्यात जमीन खरडून गेल्याची नोंद आहे की नुसती पिकाच्या नुकसानीची, कारण दोन्हीची मदत वेगळी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं जे पॅकेज जाहीर केलं त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून ३ लाखांपर्यंत असं म्हटलंय, पण ते पदरात पडायला कागद नीट लागतात, ई-केवायसी झालेली लागते, खातं आधारला जोडलेलं लागतं. मामा साठीच्या पुढचे असतील, मुलं पुण्याला असतील, तर हे सगळं कोण बघतंय? तू बघ ना. कागदांचे फोटो मागव, काय राहिलंय त्याची यादी कर, गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला फोन करून सेतू केंद्रात पाठव. थोडे पैसे पाठवता आले तर थेट त्यांच्या खात्यावर पाठव. बातमी बघून जो जीव तुटतो ना, त्याला करायला काम लागतं, ते मिळालं की चॅनल आपोआप कमी होतो, हे मी बऱ्याच जणींच्या बाबतीत बघितलंय.

आणि चॅनलवरची ती संध्याकाळची चर्चा मात्र बंद कर, हे मी ठामपणे सांगतेय. तिकडे रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेचार, नेमकं तू पोराला किटातून घेऊन येतेस ती वेळ, बाहेर अंधारून आलेलं असतं आणि घरात सहा माणसं एकमेकांवर ओरडत असतात. त्यातून परांड्याची एकही नवी गोष्ट तुला कळत नाही. सकाळी वीस मिनिटं मराठी बातम्या वाच, ऐकू नकोस, वाच, तेवढं पुरे.

आता मुद्द्याचं. तुला बातम्या जास्त होतायत असं नवऱ्याला वाटतं, मला उलट वाटतं की तुझ्याकडे अर्ध्या बातम्या येतच नाहीयेत. तू ज्या गावात राहतेस, जिथं पोरगा वाढतोय, जिथं नवरा टॅक्स भरतो, त्या गावाबद्दल तुला जे काही माहितीय ते सगळं बार्शीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून आलेलं आहे! मग भीती नाही वाटणार तर काय होणार.

पुराचंच बघ. तू म्हणतेस इथं कुणालाच काही माहीत नाही. मराठवाड्याचं नसेल माहीत, पण पूर म्हणजे काय हे तुझ्या आसपासच्या लोकांना चांगलं माहितीय. जून २०२४ मध्ये आपल्या शेजारच्याच रेम्स-मुर जिल्ह्यात रुडर्सबेर्ग आणि शोर्नडोर्फला पाणी शिरलं होतं, स्टुटगार्टपासून तासाभराच्या आत आहे हे सगळं, माणसं गेली त्यात. त्याआधी जुलै २०२१ मध्ये आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत जे झालं ते तर सगळा देश अजून विसरलेला नाही, त्या पुरात जर्मनीत १८० च्या वर लोक गेले. मी आमच्या गावातल्या गायन मंडळात जाते, तिथल्या एका बाईंचं माहेर रुडर्सबेर्गचं. सप्टेंबरच्या शेवटी प्रॅक्टिसच्या आधी खुर्च्या मांडताना त्यांनी विचारलं की तू आज गप्प का, तर मी त्यांना फोनवर धाराशिवकडचे फोटो दाखवले आणि सोयाबीन म्हणजे काय, ते काढायला आलेलं असताना पाणी आलं म्हणजे काय होतं ते माझ्या परीनं सांगितलं. त्यांनी काही न बोलता स्वतःचा फोन काढला आणि त्यांच्या आईच्या तळघराचा फोटो दाखवला, भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ, खाली वॉशिंग मशीन आडवं पडलेलं, आणि मुरंब्याच्या बरण्यांची फळी तेवढी वर शाबूत. मग त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडे चिखल कोण काढतं, फायर ब्रिगेड येते का? मी सांगितलं की गावातलीच पोरं काढतात. त्या म्हणाल्या आमच्याकडे पण, फायर ब्रिगेड म्हणजे पण गावातलीच पोरं. आणि खरंय ते, इथल्या छोट्या गावांत फायर ब्रिगेड पगारी नसते, बेकरीवाला, प्लंबर, मास्तर असे लोक भोंगा वाजला की धावतात. त्या दिवसानंतर त्या मला दर वेळी विचारतात की तिकडचं पाणी ओसरलं का, पुढची पेरणी होणार का.

त्यामुळे तू बोल. किटाच्या दारात रोज भेटणारी एखादी आई असेल, जर्मन मोडकंतोडकं असू दे, फोटो दाखव. ज्यांना माहीत नाही ते निष्ठुर असतात असं नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

चिठ्ठीचा फोटो पाठवलास ते बरं केलंस. मी नीट वाचली. वर तुझं नाव घालून "लीबे फ्राउ" म्हणजे प्रिय बाई, मध्ये दोन ओळी की गेल्या आठवड्याची केअरवोखे म्हणजे झाडलोटीची पाळी राहिली, कृपया करावी, आणि खाली नमस्कार आणि स्वतःचं पूर्ण नाव. अगं, निनावी चिठ्ठी असती, शिव्या असत्या, "तुम्ही लोक" असं काही असतं तर मी तुला वेगळं सांगितलं असतं. नाव लिहून, तुझं नाव बरोबर लिहून टाकलेली चिठ्ठी म्हणजे आजी तुला बिल्डिंगमधली बरोबरीची भाडेकरू समजतायत, पाहुणी समजत नाहीयेत. जर्मनीत बाकी ठिकाणी हे फार दिसणार नाही पण आपल्या श्वाबेन भागात लोक ह्या गोष्टीला प्रचंड जपतात, पंधराव्या शतकापासून स्टुटगार्टात आपली घाण आपणच काढायची असे नियम आहेत. तुझ्या दाराच्या हँडलला जी छोटी पाटी लटकवलेली असते ना, ती दिसली की तो आठवडा तुझा. जिना वरून खाली झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचा, कठडा पुसायचा, तळघराकडे जाणाऱ्या पायऱ्या विसरायच्या नाहीत. मोठी केअरवोखे असेल तर बाहेरचा फुटपाथ आणि कचऱ्याचे डबे पण आले, आणि हिवाळ्यात बर्फ पडला तर कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत वाट मोकळी करायची, कारण कुणी घसरून पडलं तर जबाबदारी येते. शनिवारी कर, रविवारी नको. झालं की पाटी काढून शेजारच्या दाराला लटकव. तुझ्या भाडेकरारात नाहीतर हाउसओर्डनुंगमध्ये म्हणजे बिल्डिंगच्या नियमावलीत हे लिहिलेलं असणार, काढून बघ.

आणि मग आजींची बेल वाजव. दिवाळीची शंकरपाळी उरली असतील तर डब्यात घेऊन जा. जिना झाला एवढंच सांग, माफी मागत बसू नकोस. आत बोलावलं तर जा. श्वाबेनच्या म्हाताऱ्या बायकांना स्वयंपाकाचं विचारलेलं फार आवडतं, त्यांच्याकडे मसूर आणि श्पेट्झले म्हणजे अंड्याच्या जाड शेवया हे आवडतं जेवण असतं, आल्बच्या डोंगरात मसूर आता परत पिकवतात पण, तू मसुराची आमटी करतेस हे सांगितलंस तर पुढचा अर्धा तास तुला बोलायची गरजच पडणार नाही.

हे सांगताना एक गोष्ट मला झाकायची नाहीये. इथं वाईट वागणारे लोक आहेत, घर शोधताना नाव ऐकून फोन ठेवणारे आहेत, बसमध्ये बोलणारे आहेत. तसं कधी झालं तर गिळून टाकू नकोस. तारीख, वेळ, काय बोलले, कोण होतं तिथं, हे त्याच दिवशी लिहून ठेव. घर, नोकरी, दुकान ह्या बाबतीत भेदभाव झाला तर २००६ चा कायदा आहे, सरकारची अँटीडिस्क्रिमिनेशन कचेरी फुकट सल्ला देते, फक्त दावा करायचा तर दोन महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि तो लेखीच कर, म्हणून वेळ घालवायचा नाही. पण जिन्याच्या चिठ्ठीवर ह्यासाठीची ताकद खर्च करू नकोस.

आता ग्रुपवरचे फॉरवर्ड. नागरिकत्व बंद झालेलं नाही. झालं काय, तर विशेष चांगली भाषा आणि कामगिरी असलेल्यांना तीन वर्षांत नागरिकत्व मिळायची सोय २०२४ च्या कायद्यात होती, ती तेवढी ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी काढून टाकली. पाच वर्षांची अट तशीच आहे. तुझ्या नवऱ्याला उन्हाळ्यात पाच होतायत म्हणजे तुमच्या घरावर ह्या बदलाचा काही परिणाम नाही, आणि तुझं जर्मन त्यासाठी लागणाऱ्या बी-वन पातळीपर्यंत न्यायला तुला अजून वेळ आहे. ते घ्यायचं की नाही हा वेगळा प्रश्न, भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, इथलं घेतलं की आपला पासपोर्ट परत करायचा आणि ओसीआय म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड काढायचं, ते घरात बसून शांतपणे ठरवा, एखाद्या फॉरवर्डच्या धसक्यानं नको.

तुझी भीती खोटी आहे असं म्हणत नाही मी. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत एएफडी ह्या स्थलांतरविरोधी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली, दुसऱ्या नंबरचा पक्ष झाला तो. ऑक्टोबर २०२५ मध्ये चान्सेलर मेर्त्स शहरांच्या रूपाबद्दल आणि स्थलांतरितांबद्दल जे बोलले ते मलाही लागलं. पण त्याच्या पुढची बातमी तुझ्या ग्रुपवर आली का? की त्यावरून देशभर वाद झाला आणि बर्लिनमध्ये लोक लगेच रस्त्यावर उतरले? जानेवारी २०२४ मध्ये ह्याच विषयावर लाखो लोक थंडीत गावोगावी चौकात उभे होते, स्टुटगार्टलाही होते, ते आलं का? ह्याच देशाच्या सरकारनं २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत न्यायचं ठरवलं, ते आलं का? वाईट तेवढं उडत येतं आणि बाकीचं इथं राहून आपण वाचावं लागतं. निवडणुका आल्या की ह्या गोष्टी वाढतात, तेव्हा इथल्या बातम्या वाचायची आत्ताच सवय लाव.

कशी लावायची ते सांगते. टीव्ही-रेडिओचे महिन्याला १८.३६ युरो तुम्ही भरताच, सगळेच भरतात, मग ते वापरा. रात्री आठला टागेसशाउ ह्या बातम्या, पंधरा मिनिटं, कुणी ओरडत नाही. कठीण वाटली तर तीच आता सोप्या जर्मनमध्ये पण असते, आणि डॉइचे वेलेवर सावकाश वाचलेल्या बातम्या आहेत, खाली मजकूर असतो, भांडी घासताना ऐकायच्या आणि नंतर वाचायच्या. साडेसातला एसडब्ल्यूआर चॅनलवर आपल्या राज्याच्या बातम्या असतात. पण माझं ऐकशील तर सुरुवात ह्या कुठल्याच गोष्टीनं करू नकोस, गावाच्या आम्ट्सब्लाटनं कर. ते पातळ पेपर आठवड्याला येतं ना, बऱ्याच जणी जाहिरातींबरोबर रद्दीत टाकतात, तेच. त्यात देशाचं राजकारण नसतं. कुठला पूल दुरुस्तीला बंद आहे, किटाची फी वाढवायचं ग्रामपरिषदेत कोण काय बोललं, रद्दी कधी उचलणार, बँडवाल्यांचा कार्यक्रम कधी, कुणाला नव्वदावं लागलं त्याचं अभिनंदन, कुणाची मांजर हरवली. ह्या आठवड्यात फक्त किटाच्या फीची बातमी डिक्शनरी घेऊन वाच, आणि सोमवारी दुसऱ्या आईला विचार की तुला काय वाटतं. बघ तुला किती बोलायला मिळतं ते. मतदानाचा हक्क नसला तरी परिषदेची बैठक बघायला कुणीही जाऊन बसू शकतं, मागच्या खुर्च्यांवर, एकदा नवऱ्याला घेऊन जा.

पोराचं म्हणशील तर तो तुझं मराठी समजतोय, म्हणून तर उत्तर देतोय. तो जर्मनमध्ये बोलला तरी तू मराठीतच बोलत राहा, रागावू नको, "मराठीत बोल" म्हणून अडवू नको, त्याचं वाक्य मराठीत परत म्हण आणि पुढे चल. दोन भाषांनी मुलं गोंधळत नाहीत, किटातल्या बायकांना विचारलंस तर त्याही हेच सांगतील की घरी आपलीच भाषा बोला. जे तुटतं ते मराठी बोलायला माणसं नसली की तुटतं. म्हणून आजीशी त्याचा रोजचा व्हिडीओ कॉल ठेव, पण "आजीला हाय कर" एवढाच नको, त्याला आजीला काहीतरी दाखवायला लाव. ११ नोव्हेंबरला सांक्ट मार्टिनची कंदिलांची मिरवणूक असेल त्यांची, आत्ता किटात कागदाचे कंदील चिकटवणं चालू असणार, तो घरी घेऊन येईल तेव्हा आजीला दाखवू दे आणि कसा केला ते सांगू दे, गोंद, कातर, काडी, दिवा हे शब्द आजी देईल त्याला. आणि मिरवणुकीला तूही जा, लांब उभी राहून फोनवर नको. गाणी सोपी असतात, दोन ओळी पाठ कर.

परत जायचं का हे मी आज सांगणार नाही. जायचं असेल तर आईवडलांसाठी, कामासाठी, पोराच्या शाळेसाठी जा, ती सगळी खरी कारणं आहेत. पण गेला महिनाभर तू जे बघितलंस त्याच्या जोरावर हे ठरवू नकोस, कारण त्यात तुझं इथलं गाव कुठं नाहीच आहे. उन्हाळ्यापर्यंत थांब आणि तेव्हा ठरवा दोघं.

आईला मात्र बोलव, मे मध्येच बोलव, चांगले दिवस असतात, द्राक्षाचे मळे हिरवे झालेले असतात आणि गुडघ्याला बर्फाची भीती नाही. पण कामाला आत्ताच लाग. नवऱ्यानं परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन हमीपत्र काढायचं असतं, फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणून विचारा, त्याचं शुल्क २९ युरो आहे पण टर्मिन म्हणजे भेटीची वेळ मिळायला बऱ्याच ठिकाणी आठवडेच्या आठवडे जातात. पगाराच्या स्लिपा आणि भाडेकरार बरोबर लागेल, बाकी काय लागतं ते कचेरीच्या साईटवर बघ. आईचा प्रवासी विमा किमान ३० हजार युरोचा हवा आणि जुनी दुखणी त्यात धरलीत की नाही हे एजंटला लेखी विचार, तोंडी नको. व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा मिळतो. व्हिसासाठी मुंबईची अपॉइंटमेंट उन्हाळ्याच्या तोंडावर सहज मिळत नाही, त्यामुळे हमीपत्र हातात आलं की लगेच तारीख बघा, पण ते जुनं होऊन चालत नाही, सहा महिन्यांच्या आतलं लागतं, म्हणून टर्मिन जानेवारीच्या आसपासचं मागा. आणि आईच्या पासपोर्टची मुदत आज रात्री फोनवर विचारून घे.